मदत हवी आहे: ओटीपोट दुखतं, रिपोर्ट सगळे नॉर्मल, आता मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलंय

नमस्कार. वय ३४, एक मुलगी आहे.

गेले १४ महिने ओटीपोटात दुखतंय, जास्त करून डावीकडे. पाळीच्या आधी वाढतं, पण पाळी संपली तरी पुरतं थांबत नाही. लघवीला सारखं जावंसं वाटतं. शरीरसंबंधांच्या वेळी तर इतकं दुखतं की आता नुसत्या विचारानेही अंग आखडतं. दोनदा सोनोग्राफी झाली, लघवीची तपासणी झाली, शेवटी लॅप्रोस्कोपीही (पोटात दुर्बीण घालून तपासणी) झाली. काही सापडलं नाही. गेल्या महिन्यात डॉक्टर म्हणाले, "सायकोसोमॅटिक, म्हणजे मनाच्या ताणातून आलेलं असावं, मानसोपचारतज्ज्ञांना भेटा." फाईल हातात दिली आणि पुढचा पेशंट बोलावला. घरी येऊन खूप रडले.

मानसोपचारतज्ज्ञांकडे जायला माझी ना नाही. खरं सांगायचं तर हे दुखणं बाबा गेले त्यानंतर दोन-तीन महिन्यांत सुरू झालं. हे मी अजून एकाही डॉक्टरांना सांगितलेलं नाही. कुणी विचारलं नाही हे एक, पण खरं कारण भीती. एकदा हे सांगितलं की माझ्या पोटाकडे परत कुणी बघणारच नाही, असं वाटतं. सासूबाई आत्ताच म्हणतात, "मन रमव, बरं होईल."

मी जमेल तेवढं वाचलंय. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू, पेल्व्हिक फ्लोअर म्हणतात ते, आखडून राहिले तर नेहमीच्या सोनोग्राफीत दिसत नाहीत, हाताने तपासावे लागतात. माझी तशी तपासणी झालीच नाही. दुखणं लांबलं की मज्जासंस्थाच हळवी होते, साध्या दाबालाही कळ उठते, आणि ताण, अपुरी झोप यांनी ती वाढते. म्हणजे मनाचा संबंध असला तरी दुखणं खोटं ठरत नाही. आणखी एक वाचून धीर आला. २०१३ च्या डीएसएम-५ मध्ये, म्हणजे मानसिक आजारांच्या निदानासाठी डॉक्टर वापरतात त्या अमेरिकन पुस्तकात, अशा सायकोसोमॅटिक म्हणवल्या जाणाऱ्या आजाराच्या निदानासाठी 'शारीरिक कारण सापडलेलं नसावं' ही अट ठेवलेली नाही. त्रासाबद्दलची चिंता, विचार, त्यात जाणारा वेळ हे बघून निदान करतात. मग नुसते रिपोर्ट नॉर्मल आले म्हणून मला हे लेबल कसं लागलं?

ज्या मैत्रिणी यातून गेल्या आहेत, त्यांना विचारायचंय: बाबांबद्दल मी स्त्रीरोगतज्ज्ञांना सांगावं का, आणि कोणत्या शब्दांत, म्हणजे तपासणी थांबणार नाही? दोन्ही डॉक्टरांचे उपचार एकाच वेळी चालू ठेवता आले का? पेल्व्हिक फ्लोअरच्या फिजिओथेरपीने किंवा समुपदेशनाने कुणाला फरक पडला असेल तर किती दिवसांनी जाणवला? औषधांची नावं नकोत, ती डॉक्टरच ठरवतील.

नवरा समजूतदार आहे, पण मी त्याला टाळते असं त्याला वाटू लागलंय. त्याच्याशी तुम्ही कसं बोललात, हेही लिहा. पुढच्या गुरुवारी मानसोपचारतज्ज्ञांची अपॉइंटमेंट आहे, त्याआधी उत्तर मिळालं तर फार बरं होईल.