आईच्या हातात स्मार्टफोन आला तेव्हा... तुमचे अनुभव सांगा

मोबाईलच्या व्यसनावर पुष्कळ बोलून झालंय, मला इथे जरा वेगळं ऐकायचंय. आपल्या आया, सासवा, आज्या यांच्या हातात स्वतःचा फोन आला तेव्हा घरात काय बदललं? मीच सुरुवात करते. 2016 ला जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि दादाने त्याचा जुना फोन आईला दिला. तोवर तिचं माहेरी बोलणं म्हणजे बाबा कामावरून आले, बॅलन्स असला, त्यांचा मूड असला तर दोन मिनिटं, तीही सगळ्यांसमोर. आता दुपारची भांडी आवरली की मावशीला फोन लावते आणि मागच्या दारी बसून निवांत बोलते. काय बोलतात ते आम्हाला कोणालाच माहीत नाही आणि मला तेच फार आवडतं. चांगले, वाईट, सगळे अनुभव येऊ द्या.

—

आमच्या आजीला लिहिता-वाचता येत नाही. भावाने कॉन्टॅक्टना सगळ्यांचे फोटो लावून दिले, ती फोटो बघून फोन लावते. व्हॉट्सॲपवर माईक दाबून धरायचा, बोलायचं, सोडायचं, एवढं शिकली आणि बास. सकाळी उठलो की मोठ्ठा व्हॉइस मेसेज, मागे कोंबडे आरवतायत, मध्येच ती कोणावर तरी ओरडते, मग परत मला "जेवलंस मां रे झिला?" मी एकही डिलीट केलेला नाही.

—

जमीन आईच्या नावावर, पण सातबाऱ्यावर पीक लावायला तलाठ्याकडे खेटे काका घालायचे. 2021 ला ई-पीक पाहणीचं ॲप आलं तेव्हापासून आई स्वतः करते. गट नंबर टाकायचा, पीक निवडायचं आणि फोटो मात्र शेतात उभं राहूनच काढायचा, कारण ते लोकेशन घेतं. हमीभाव केंद्रावर सोयाबीन घालायचं तर ही नोंद लागतेच. आता गल्लीतल्या बायका आपापले फोन घेऊन तिच्याकडे येतात, आणि काका पण येतात बरं का.

—

आमचा अनुभव वाईट आहे. सासूबाईंना "केवायसी करा नाहीतर पेन्शन बंद होईल" असा फोन आला, समोरच्याने सांगितलेलं स्क्रीन शेअरिंगचं ॲप त्यांनी घेतलं आणि खात्यातले पैसे गेले. त्याहून वाईट म्हणजे त्यांनी ते कोणाला सांगितलंच नाही, फोन कपाटात साड्यांखाली ठेवून दिला. कळल्यावर दीर म्हणाले, "कळत नाही तर वापरायचा कशाला". प्लीज असं कधी बोलू नका, या बोलण्याच्या धाकानेच त्या गप्प बसल्या होत्या. 1930 हा सायबर हेल्पलाईनचा नंबर घरातल्या सगळ्यांच्या फोनमध्ये सेव्ह करून द्या, जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे अडवायची शक्यता जास्त. आणि यूपीआयचा पिन पैसे द्यायला लागतो, घ्यायला लागत नाही, हे त्यांना परत परत सांगा.

—

न्यू जर्सीहून लिहितेय. इथे रात्रीचे साडेनऊ तेव्हा आईकडे सकाळचे सात, हिवाळ्यात घड्याळ मागे गेलं की आठ. ती फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेवते आणि पोळ्या करत राहते, बोलतोच असं नाही. पण व्हिडिओवर दिसतं म्हणजे सगळं कळतं असं समजू नका. तिचा हात भाजला होता आणि तो तिने बरोब्बर कॅमेऱ्याच्या बाहेर ठेवला, मला बहिणीकडून कळलं.

—

आईची नजर काचबिंदूने जवळजवळ गेलीय. अँड्रॉइडमध्ये टॉकबॅक असतं, बोट ठेवलं की तिथे काय आहे ते मराठीत बोलतं, दोनदा टॅप केलं की उघडतं. सुरुवातीला खूप चिडायची, फोन आपटायची. आता पेपर स्वतः ऐकते, आधी निधनवार्ता मग बाकीचं, आणि बँकेचा मेसेज कोणाला वाचायला देत नाही. सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटीत जाऊन बघा, फुकट आहे. कोणाला आईवडिलांना शिकवायचं असेल तर इथेच विचारा, मी सगळं सांगेन.