काय गाळलं तर चालेल, काय बदललं तर नाही

वहिनी: सगळ्यांना विचारतेय. लेक हॅरी पॉटरच्या चौथ्या पुस्तकात निम्म्यावर आलाय. वर्गातल्या बहुतेकांनी सिनेमे पाहिलेत, त्यामुळे त्यालाही सुट्टीत आठच्या आठ बघून टाकायचेत. मी म्हणते आधी वाच. भाऊजी, तुमचं काय मत?

मी: वहिनी, पहिले तीन खुशाल बघू दे. ती पुस्तकं त्याची वाचून झालीत, त्यातली माणसं डोक्यात पक्की बसलीत, आता पडद्यावरची माणसं त्यांना हुसकावून लावणार नाहीत. तिसरा तर मन लावून बघायला सांग, आठांतला माझा सगळ्यात आवडता. चौथा मात्र थांबव. पुस्तकात जे रहस्य अगदी शेवटी उलगडतं, त्यातला महत्त्वाचा माणूस सिनेमा पहिल्याच प्रसंगात दाखवून टाकतो. हा मेसेज त्याला वाचू देऊ नकोस.

वहिनी: पटलं. तीन बघू, बाकीचे पुस्तकानंतर.

दादा: पण सिनेमा हा सिनेमा म्हणून बघावा ना? दर वेळी पुस्तक मांडीवर घेऊन तुलना करत बसायचं कशाला?

भाची: मोठा मामा बरोबर बोलतोय. गाळावं तर लागणारच. पाचवं पुस्तक सातांत सगळ्यात जाडं आहे आणि त्याचा सिनेमा १३८ मिनिटांचा, म्हणजे लांबीत आठांत शेवटून दुसरा. टोल्कीनच्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या सिनेमात टॉम बॉम्बाडिल हे पात्र आख्खं गाळलं, माझं काहीही अडलं नाही.

मी: गाळण्याबद्दल माझी तक्रार नाहीच गं. टॉम बॉम्बाडिल मला आवडतो, तरी दिग्दर्शक पीटर जॅक्सनच्या जागी असतो तर मीही त्याला बाहेरच ठेवला असता. तिथे थांबलं की सगळ्यांना सत्तेची भुरळ घालणाऱ्या त्या अंगठीची भीतीच ओसरते. मला लागतं ते माणसाचा स्वभाव बदलला की. चौथ्या पुस्तकात हॅरीचं नाव स्पर्धक निवडणाऱ्या चषकातून बाहेर येतं तेव्हा मुख्याध्यापक डंबलडोर त्याला शांतपणे विचारतो, तू नाव टाकलंस का? शांतपणे, असं पुस्तकात स्पष्ट लिहिलंय. सिनेमात तो धावत येतो, पोराला धरून गदागदा हलवतो आणि ओरडतो. प्रश्न तोच, माणूस दुसरा. सगळे घाबरलेले असताना एक म्हातारा आवाज चढवत नाही, याचा त्या वयाच्या मुलाला केवढा आधार असतो! तो आधारच काढून घेतला.

आत्या: हे मात्र खरं. घरात एक जण तरी आवाज न चढवणारा असावा लागतो.

मी: आणि 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधला सेनानी फॅरामिर. पुस्तकात तो अंगठीबद्दल म्हणतो, ही वस्तू वाटेत पडलेली दिसली तरी मी उचलणार नाही. तसाच वागतोही, अंगठी नष्ट करायला निघालेल्या फ्रोडोला जाऊ देतो. सिनेमात तो फ्रोडो आणि त्याचा सोबती सॅम, दोघांना पकडून ऑस्गिलियाथ शहरापर्यंत नेतो आणि मग त्याचं मन बदलतं. पटकथा लिहिणाऱ्यांनी कारण दिलंय: तोवर अंगठी प्रत्येकाला भुलवतेय असं दाखवलं, मग एकाला ती शिवतही नाही म्हटलं तर तिचा धाक उरत नाही. शिवाय शेलॉब या प्रचंड मादी कोळ्याचा प्रसंग तिसऱ्या भागात ढकलल्यामुळे दुसऱ्या भागाच्या शेवटाला काहीतरी ताण हवा होता. कारण समजतं. तरीही वाटतं, हातात आलेली सत्ता झटापट न करता नाकारणारा माणूस आपल्याला दिसतो कुठे? ऑफिसात नाही, बातम्यांत नाही. पुस्तकात तो होता.

भाची: मामा, पण तिसऱ्या सिनेमाला ११ नामांकनं आणि ११ची ११ ऑस्कर मिळाली. काहीतरी बरोबर केलं असेलच ना त्यांनी?

मी: पुष्कळ बरोबर केलंय. सॅम तसाच ठेवला. फ्रोडोला पाठीवर घेऊन डोंगर चढतो तो सॅम थेट पुस्तकातला आहे. म्हणून बाकीचं सगळं माफ.

काका: मला तुमच्या अंगठ्या कळत नाहीत, पण मुद्दा कळला. आमच्या वेळी 'चंद्रकांता' होती. देवकीनंदन खत्रींची कादंबरी १८८८ ची, दूरदर्शनवर मालिका आली १९९४ मध्ये. कादंबरी मी नंतर वाचली. मालिका तिच्यापासून कुठल्या कुठे गेली होती. पण क्रूरसिंगाच्या भुवया आणि त्याचं ते 'यक्कू' आजही डोळ्यांसमोर आहे. मला आठवतं ते आठवडाभर थांबणं. पुढे काय होणार यावर दुसऱ्या दिवशी ऑफिसात भांडणं व्हायची. आख्खा आठवडा ती गोष्ट आपल्या डोक्यात वाढायची. आता एका रात्रीत दहा भाग संपतात आणि सकाळी नावंही आठवत नाहीत.

वहिनी: आणि बघताना हातात दुसरा पडदा असतोच. मोठ्या पडद्यावर ड्रॅगन, छोट्यावर ऑफिसचा ग्रुप.

भाची: माझ्या मैत्रिणी तर दीडपट वेगाने बघतात. कोणी बोलत नसेल तो भाग सरळ पुढे.

मी: हे ऐकून खरंच वाईट वाटलं. कारण अशा गोष्टींत कोणी बोलत नसतं तेव्हाच ते जग उभं राहत असतं. चालणं, पाऊस, रात्रीचा मुक्काम, पुढचा डोंगर कधी येतो याची वाट बघणं. कंटाळासुद्धा त्या प्रवासाचा भाग असतो. तो काढला की उरते नुसती मारामारी.

दादा: मग लांब बनवले की झालं. म्हणूनच आता सिनेमाऐवजी मालिका काढतात ना? फिलिप पुलमनच्या पुस्तकावरचा 'द गोल्डन कंपास' सिनेमा २००७ मध्ये आला तेव्हा पुस्तकाचा शेवटच कापला होता. २०१९ ते २०२२ मध्ये त्याच पुस्तकमालेची मालिका केली, तीन पुस्तकांना तीन सीझन, आणि गोष्ट पूर्ण झाली. हॅरी पॉटरचीही मालिका २०२३ मध्ये जाहीर झालीये.

मी: दादा, लांबीने काम भागतंच असं नाही. 'द हॉबिट' बघ. टोल्कीनने मुलांसाठी लिहिलेलं एक आटोपशीर पुस्तक, त्याचे २०१२ ते २०१४ मध्ये तीन सिनेमे, मिळून जवळपास आठ तास. नेटाने वाचणारा माणूस तेवढ्या वेळात पुस्तक संपवेल. पुस्तकात शेवटची लढाई मोजक्या पानांत आटोपते, कारण नायक बिल्बोच्या डोक्याला दगड लागतो आणि तो बेशुद्ध पडतो. शुद्धीवर येतो तेव्हा सगळं संपलेलं असतं. टोल्कीनने पहिलं महायुद्ध खंदकात राहून पाहिलं होतं. लहान मुलांच्या गोष्टीत लढाईला किती जागा द्यायची हे त्याला कळत होतं. सिनेमात त्याच लढाईचा आख्खा तिसरा भाग झाला. वर पुस्तकात नसलेली एक नायिका आणि तिचं प्रेमप्रकरण. या सगळ्यात बिचारा बिल्बोच हरवला, आणि गोष्ट त्याची होती.

आत्या: लेखकांना काय वाटत असेल रे हे सगळं बघून?

मी: काहींना फार लागलं, आत्या. लेखिका उर्सुला ले ग्विनच्या 'अर्थसी' कादंबऱ्यांमधला नायक गेड तांबूस तपकिरी रंगाचा आहे, तिथली बहुतेक माणसं सावळी किंवा काळी आहेत. तिने ते ठरवून लिहिलं होतं. २००४ च्या टीव्ही मालिकेत गोरा नट घेतला, तेव्हा तिने जाहीर लेख लिहून निषेध केला. मिखाएल एंडेचं 'द नेव्हरएंडिंग स्टोरी' तुला ठाऊक असेल. १९८४ चा सिनेमा साधारण अर्ध्या पुस्तकावरच थांबला. एंडे इतका दुखावला की त्याने आपलं नाव काढा म्हणून सांगितलं, कोर्टातही गेला, पण हरला. त्या दुसऱ्या अर्ध्यात मुलाला हवं ते मागायची मुभा मिळते, आणि इच्छा पुऱ्या होता होता त्याच्या आठवणी एकेक करून पुसल्या जातात. शेवटी स्वतःचं नावही राहत नाही. सिनेमा उडत्या ड्रॅगनवर आनंदात संपतो. ज्यासाठी पुस्तक लिहिलं तेच राहून गेलं.

काका: हे पुस्तक मला हवंय.

आत्या: आणि खूश झालेलं कोणीच नाही?

भाची: आहे ना, आत्याआजी! डायना विन जोन्स. तिचं 'हाऊल्स मूव्हिंग कॅसल' १९८६ चं, जपानी दिग्दर्शक मियाझाकीने २००४ मध्ये त्याचा ॲनिमेशन सिनेमा केला. त्याने केवढं बदललं! युद्ध तर जवळपास सगळं स्वतःचं घातलं. तरी तिला सिनेमा आवडला होता.

मी: कारण नायिका सोफी तीच राहिली. शापामुळे एकदम नव्वदीची होते आणि म्हातारपणाची ढाल मिळाल्यावर पहिल्यांदा मनातलं बोलायला लागते. मियाझाकीने भोवतालची गोष्ट हलवली, तिला हात लावला नाही.

आत्या: म्हातारी झाल्यावर धीट होणारी नायिका? मग मला आधी हाच बघायचाय. की पुस्तक आधी?

भाची: तू सिनेमा आधी बघ. दोन्हींच्या वाटा इतक्या वेगळ्या आहेत की एकाने दुसऱ्याची मजा जात नाही. रविवारी मी येते लावून द्यायला, येताना पुस्तकही आणते. दीडपट वेगाने नाही बघायचं, आणि सगळ्यांचे फोन आतल्या खोलीत.