मदत हवी आहे: विंडोजसाठी मोफत ओपन सोर्स सॉफ्टवेअर सुचवा (तातडीचं)

मंजिरी_कोथरूड:
नमस्कार. विंडोज लॅपटॉपवर चालणारी चांगली ओपन सोर्स (ज्यांचा कोड सगळ्यांना खुला असतो अशी) सॉफ्टवेअर सांगा. जुन्या फाइली उघडत नाहीयेत. एखादी उघडलीच, तर अक्षरं भलतीच दिसतात. शुक्रवारी नारायण पेठेत छापखान्यात पीडीएफ द्यायची आहे. क्रॅक केलेलं काही नको. लवकर सांगा, प्लीज.

वारजेकर:
व्हिडिओ बघायला व्हीएलसी आणि झिप फाइली उघडायला सेव्हन-झिप. नवीन मशीन आलं की मी आधी हे दोन टाकतो. व्हीएलसीला वेगळे कोडेक (व्हिडिओ उलगडणारे जोड-प्रोग्रॅम) लागत नाहीत, बहुतेक सगळे व्हिडिओ चालतात. दोन्ही त्यांच्या मूळ साइटवरूनच उतरवा. सर्चमध्ये वर येणाऱ्या जाहिरातींवर क्लिक करू नका.

पेठकरी:
फाइली कसल्या? वर्डच्या की पानं जुळवायच्या पेजमेकरच्या? विंडोज १० की ११? मजकूर मराठी आहे का? फॉन्ट कोणता?

मंजिरी_कोथरूड:
व्हिडिओचं काम नाहीये. विंडोज ११, वर्डच्या जुन्या डॉक फाइली, मजकूर मराठीच. बाबांचे ४१ लेख आहेत. पुढच्या महिन्यात त्यांची पंचाहत्तरी, म्हणून पुस्तक करतेय. जुन्या कॉम्प्युटरवर ते डाँगल (मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर चालू करणारी छोटी किल्ली) लावून टाइप करायचे. तो डाँगल घर बदलताना हरवला. फॉन्टचं नाव कुठे बघायचं?

हडपसर_०७:
ओपनऑफिस घ्या ताई, वर्डसारखंच आणि मोफत. मी २००८ पासून वापरतोय, कधी अडलं नाही.

पेठकरी:
ओपनऑफिस आता नको. २०१० मध्ये त्यातलीच बरीच मंडळी बाहेर पडली आणि लिब्रेऑफिस सुरू झालं. काम तिकडे जोरात चालतं. ओपनऑफिसमध्ये आजही डॉकएक्स (वर्डची नव्या प्रकारची फाइल) उघडता येते, पण त्या प्रकारात सेव्ह करता येत नाही.

हडपसर_०७:
त्यांच्या फाइली डॉक आहेत, डॉकएक्स नाहीत. त्यांना कुठे अडतंय?

टक्स_प्रेमी:
मूळ दुखणं विंडोज आहे. त्याच्या जागी लिनक्स मिंट टाका, लिब्रेऑफिस त्यात आयतं मिळतं. विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा आमच्या सोसायटीतले तीन लॅपटॉप मी असेच वाचवले.

पेठकरी:
त्यांचं विंडोज ११ आहे आणि शुक्रवारी पीडीएफ द्यायची आहे. मिंटचा वेगळा धागा काढा, मी तिथे येतो.

अक्षरजुळणी:
मी बावीस वर्षं डीटीपी (कॉम्प्युटरवर छपाईची पानं जुळवायचं काम) करते. ताई, तुमचं सॉफ्टवेअर अडलेलं नाही, फॉन्ट अडलाय. त्या काळच्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेली असत. फॉन्ट नसेल तर खालची इंग्रजी चिन्हं उघडी पडतात. लिब्रेऑफिसच्या राइटरमध्ये फाइल उघडा, मजकूर निवडा, वर फॉन्टच्या चौकटीत नाव दिसेल. तिरक्या अक्षरांत असेल तर तो फॉन्ट तुमच्या मशीनवर नाही. जुन्या कॉम्प्युटरच्या विंडोज फोल्डरमध्ये फॉन्ट्स नावाचा फोल्डर आहे, तिथून ती फाइल पेनड्राइव्हवर आणा. डाँगल टाइप करायला लागत असे, वाचायला फॉन्ट पुरतो. मग पीडीएफ काढा. फॉन्ट पीडीएफमध्येच जातो, छापखान्यात काही टाकावं लागत नाही.

पेठकरी:
शुक्रवार निभावेल, पण पुढच्या आवृत्तीला पुन्हा हेच रडगाणं. सगळं युनिकोडमध्ये आणा, म्हणजे जुन्या फॉन्टशिवाय कुठल्याही मशीनवर मराठी दिसेल. कन्व्हर्टर मिळतात.

अक्षरजुळणी:
मिळतात, पण ४१ लेखांचं प्रूफ शुक्रवारपर्यंत कोण वाचणार? जुन्या फॉन्टमध्ये रफार अक्षराच्या नंतर टाइप होतो, युनिकोडमध्ये आधी. ऱ्हस्व वेलांटीचं बरोबर उलट. कन्व्हर्टर नेमका तिथे घसरतो. ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ असे शब्द तर एकेक तपासावे लागतात.

वारजेकर:
छापील प्रती असतील तर स्कॅन करून टेसरॅक्टने ओसीआर करा, म्हणजे चित्रातली अक्षरं मजकूर होतात. विंडोजवर टेसरॅक्ट चालवायला जीइमेजरीडर टाका आणि मराठीची भाषा-फाइल उतरवा. माझ्या आजोबांची टंकलिखित पत्रं मी अशीच उतरवली.

अक्षरजुळणी:
त्यालाही प्रूफ वाचावंच लागतं, वारजेकर.

मंजिरी_कोथरूड:
जुना कॉम्प्युटर माळ्यावरून काढला, चालू झाला! फॉन्टचं नाव डीव्हीबी-टीटी सुरेख. लॅपटॉपवर टाकला आणि सगळं मराठी दिसायला लागलं. बाबा शेजारी बसून वाचत होते. पण त्यांना सहा-सात लेखांत दुरुस्त्या करायच्या आहेत. डाँगलशिवाय त्या कशा करू?

पेठकरी:
म्हणूनच म्हणत होतो, युनिकोड.

अक्षरजुळणी:
दुरुस्त्या असतील तर पेठकरींचं बरोबर आहे. सहा लेख एका फॉन्टात आणि उरलेले दुसऱ्यात, असं पुस्तक हातात धरवत नाही. छापखान्यातून आठ दिवस मागून घ्या. मजकुरासाठी टिरो देवनागरी मराठी वापरा, मुक्त परवान्याचा आहे आणि त्यात ल आणि श मराठी वळणाचे आहेत. राइटरमध्ये देवनागरीचा फॉन्ट आणि आकार इंग्रजीपेक्षा वेगळा ठरवावा लागतो, तिथे नवखी माणसं हमखास अडतात. काम चालू असेपर्यंत ओडीटीमध्येच (राइटरचा स्वतःचा फाइल-प्रकार) सेव्ह करा. पानं १६ च्या पटीत बसवा, म्हणजे फर्मा (एकत्र छापला जाणारा पानांचा गठ्ठा) वाया जात नाही. मुखपृष्ठ रंगीत आहे का?

हडपसर_०७:
छापखाना अप्पा बळवंत चौकाजवळ असेल तर दुचाकीनेच जा, गाडी लावायला जागा मिळत नाही.

मंजिरी_कोथरूड:
हो, रंगीत आहे. आजीच्या वाड्याचा फोटो टाकायचाय.

अक्षरजुळणी:
मग फोटो जिंपमध्ये साफ करा आणि मुखपृष्ठ स्क्रायबसमध्ये जुळवा. पीडीएफ सीएमवायकेमध्ये (छपाईच्या चार रंगांत), चारी बाजूंनी ३ मिमी ब्लीड (कापताना जाणारी जादा कड) सोडून. स्क्रायबस १.६ घ्या, १.४ मध्ये मराठी जोडाक्षरं फुटतात.

मंजिरी_कोथरूड:
छापखान्यातल्या काकांना फोन केला, पुढच्या शुक्रवारपर्यंत थांबतो म्हणाले. पहिला लेख युनिकोडमध्ये आला. बाबांनी लाल पेन घेऊन बावीस चुका काढल्या, त्यातल्या सतरा रफाराच्या. अक्षरजुळणी ताई, अजून चाळीस लेख आहेत. रफार एकदम बदलायची काही युक्ती आहे का?