मिक्स्ड-मोड कॉलमवर मॅलाकाइट ग्रीन अडकून राहिलं, काय बदलू?

मामातलाव_भंडारा:
मासोळीच्या नमुन्यांआधी पाच बेसिक (धन भाराच्या) रंगांची स्टँडर्ड वेगळी करायची आहेत: ऑरामाइन ओ, ऱ्होडामाइन बी, मेथिलीन ब्लू, क्रिस्टल व्हायोलेट, मॅलाकाइट ग्रीन. एचपीएलसीत (द्रव कॉलममधून ढकलून घटक वेगळे करणारं यंत्र) नेहमीच्या सी-१८ (तेलकट साखळ्यांच्या) कॉलमवर पीकच्या (आलेखावरच्या टोकांच्या) शेपट्या फार, म्हणून रिव्हर्स्ड फेज (तेलकट पकड) अधिक कॅटायन एक्स्चेंज (धन आयनची पकड) असा मिक्स्ड-मोड कॉलम लावला (१५० × ४.६ मिमी, ५ मायक्रॉन). अॅसिटोनायट्राइल-पाणी ५०:५०, ०.१ टक्के फॉर्मिक अॅसिड, १ मिली/मिनिट. ऱ्होडामाइन पसरट येतं, शेवटचे दोन तासभर निघूनच नाही राहिले. अॅसिटोनायट्राइल ७० केलं तरी तेच.

वर्धेचा_केमिस्ट:
सर, मीठ कमी पडतंय. ०.१ टक्के फॉर्मिकचा पीएच साधारण २.७, म्हणजे रंगाला कॉलमवरून हुसकावायला धन आयन जेमतेम २ मिलीमोलर. अॅसिटोनायट्राइल वाढवून सी-१८ सारखी पकड सैल होते, आयनची होत नाही.

लिटरभर पाण्यात २.५२ ग्रॅम अमोनियम फॉर्मेट (४० मिलीमोलर), फॉर्मिकने पीएच ३.०. पीएच अॅसिटोनायट्राइल मिसळण्याआधीच मोजा. एकभारी रंगासाठी मीठ दुप्पट केलं की आयनची पकड निम्मी होते, त्या हिशेबानं ८० पर्यंत न्या. आधी अडकलेला रंग काढायला २०० मिलीमोलर फॉर्मेट-अॅसिटोनायट्राइल ५०:५० चे ५० मिली सोडा.

पीएच वर नेऊन सुटका होईल असं वाटतं, पण ७ जवळ मॅलाकाइट ग्रीनचं रंगहीन कार्बिनॉल होऊ लागतं. ऱ्होडामाइन बीच्या कार्बॉक्सिलचा प्रोटॉन पीएच ३ ते ४ मध्येच सुटतो, त्यामुळे पीएच थोडाही चुकला तर त्याची जागा हलते.

पांढरकवडा_लॅब:
रंग काचेलाही चिकटतात. पॉलिप्रॉपिलीनच्या वायल, पीटीएफई फिल्टर, गाळलेला पहिला १ मिली टाकून द्या. नायलॉन नको. सुई धुवायला ५०:५० मध्ये १ टक्का फॉर्मिक.

बोअरचं नुसतं आरओ केलेलं पाणी वापरू नका. कॅल्शियम दोन भारांचा असल्यानं एक्स्चेंजच्या जागा धरून बसतो आणि वेळा सरकतात. मे महिन्यात खोलीच ४२ अंशांवर असेल तर कॉलमचा ओव्हन ३० वर ठरत नाही, खोलीपेक्षा निदान ५ अंश वर ठेवा. लाइट जायच्या वेळेआधी अॅसिटोनायट्राइल-पाण्यानं २० मिनिटं कॉलम धुवा.

जास्तीचे पीक दिसले की घाबरू नका. मेथिलीन ब्लूसोबत अॅझ्युर बी असतं, क्रिस्टल व्हायोलेटसोबत एक मेथिल कमी असलेला भाऊबंद. पीडीएवर (सगळ्या तरंगलांबी एकदम पाहणारा डिटेक्टर) त्यांचा माथा मूळ रंगापेक्षा (६६४ आणि ५९० नॅनोमीटर) थोडा अलीकडे दिसतो.

मामातलाव_भंडारा:
मासोळीत ६१८ नॅनोमीटरवर पाहिलं तर पुरेल?

वर्धेचा_केमिस्ट:
नाही. मासोळीच्या अंगात बराच रंग ल्युको (रंगहीन) रूपात जातो आणि मांसात जास्त काळ टिकतो. तो ६१८ वर दिसत नाही, २६५ वर पाहावा लागतो. शिवाय पीएच ३ ला त्याच्या दोन्ही अमिनवर प्रोटॉन बसू शकतो, म्हणून तो आणखी उशिरा येईल. दोन भारांसाठी मीठ दुप्पट केलं की आयनची पकड चौथाईवर येते, तेव्हा मिठाचा ग्रेडियंट (मीठ हळूहळू वाढवत नेणं) लावलेला बरा. युरोपची मर्यादा किलोमागे ०.५ मायक्रोग्रॅम आहे, तिथवर पीडीए पोचत नाही. खात्रीसाठी मास स्पेक्ट्रोमीटरच लागेल. फॉर्मेट त्याला चालतं, फॉस्फेट चाललं नसतं.