कुंपणासाठी हेज ट्रिमर कोणता घ्यावा? (कोयनेल आणि जुनी मेंदी, ७० फूट)

परसदार
मी साताऱ्यात राहते. घराच्या दोन बाजूंना मिळून साधारण ७० फूट कुंपण आहे. रस्त्याकडे कोयनेल, शेजाऱ्यांच्या बाजूला जुनी मेंदी. ती बाबांनी लावलेली, त्यामुळे काढून भिंत घालायचा विचार नाही. उंची छातीएवढी ठेवते. इतकी वर्षं एक माळीकाका महिन्यातून एकदा येऊन कात्रीने छाटायचे, आता वयामुळे त्यांना जमत नाही. गेलं वर्षभर मीच मोठी कात्री चालवतेय. वय ५६. दोन तासांत खांदा भरून येतो, आणि पावसाळ्यात कोयनेल तीन आठवड्यांत परत वीतभर वर येते.

इथल्या दुकानात गेले तर त्यांनी थेट पेट्रोलचं मशीन पुढे केलं, "हेच टिकतं" म्हणाले. वायरचं घ्यावं, बॅटरीचं, की खरंच पेट्रोलचं? बजेट आठ-दहा हजार. ज्यांनी स्वतः वापरलंय त्यांनी कृपया सांगा.

आंबेमोहोर
ताई, मशीन बघण्याआधी कुंपणाजवळ जाऊन फांद्या मोजा. टेप नसेल तर पेन्सिल आणि करंगळी चालेल. जिथे छाटणार तिथली फांदी पेन्सिलीएवढी असेल तर कुठलाही घरगुती ट्रिमर ती सहज कापतो. करंगळीएवढी असेल तर दात्यांमधलं अंतर बघावं लागतं. अंगठ्याएवढी असेल तर ते ट्रिमरचं काम नव्हे, करवतीचं.

कारण असं की फांदी दोन दात्यांच्या फटीत शिरली तरच कापली जाते. घरगुती मशीनमध्ये ही फट बहुधा १६ ते २० मिलिमीटर असते. १६ ची फट म्हणजे १६ ची फांदी कापेल असं नाही, जून लाकूड असेल तर १०-१२ पर्यंतच धरा. त्याहून जाड फांदी रेटून घातली की पातं अडकतं, मोटर घुमते आणि तापते. माझं पहिलं मशीन मी असंच जाळलं. मशीन बरोबर होतं, मी त्याला जुन्या मेंदीचे बुंधे कापायला लावले.

तुमची मेंदी जुनी म्हणताय म्हणजे आत सगळं लाकूड झालेलं असणार. एकदा करवत आणि सिकेटरने (फांद्या छाटायची छोटी कात्री) ती हव्या उंचीच्या वीतभर खाली उतरवा. पहिल्या पावसानंतर करा, भरपूर धुमारे फुटतात. पुढे ट्रिमर फक्त त्या कोवळ्या धुमाऱ्यांवर चालवायचा. मग साधं, हलकं मशीन पुरतं.

गोदाकाठ
दुकानदाराचं एका अर्थी बरोबर आहे, पण ते शेतासाठी. आमच्या मळ्यावर स्टिल कंपनीचं एचएस ४५ आहे, २७.२ सीसीचं. बांधावरची लांबच लांब मेंदी असते, तिथे वीज नाही, तिथे त्याला तोड नाही. पण ते पाच किलोच्या आसपास जातं, आणि टू-स्ट्रोक असल्यामुळे पेट्रोलमध्ये ऑइल मोजून मिसळावं लागतं. आम्ही ५० ला १ घालतो. दोन-तीन महिने टाकीत तेच पेट्रोल राहिलं तर कार्बोरेटर चिकटतो आणि दोरी ओढून ओढून हात दुखतो. खांद्याचा त्रास असलेल्या माणसाने ७० फुटांसाठी हे घेऊ नये, असं मी स्पष्टच सांगतो. शिवाय वस्तीत आवाज फार होतो.

सदाफुली_पुणे
मी बॅटरीवाली. १८ व्होल्टचं आहे, २ अँपिअर-अवरची बॅटरी. माझ्या कामिनीच्या कुंपणावर अर्धा तास सलग चालतं, मग मी पण थांबते आणि ती पण. वायर नाही हे सुख मोठं आहे. पण तुमच्या बजेटमध्ये चांगल्या कंपनीचं बॅटरी आणि चार्जरसकट बसेल का ते नीट बघा. ऑनलाइन स्वस्त दिसतं ते पुष्कळदा नुसतं मशीन असतं. मकिताच्या मॉडेल नंबरच्या शेवटी झेड असेल तर त्यात बॅटरी-चार्जर येत नाही. घरात त्याच कंपनीचं, त्याच व्होल्टचं ड्रिल असेल तर मात्र तसंच घ्या, बॅटरी एकच दोन्हीला चालते.

आंबेमोहोर
वरच्याशी सहमत. माझा कौल तरी वायरच्याला. ७० फूट, घराला लागून, बजेट दहाच्या आत, हे सगळं त्याच बाजूला जातं. बॉशचं एएचएस ५०-१६ मी चार वर्षं वापरतोय. नावातच माहिती आहे: ५० सेंटिमीटरचं पातं, १६ मिलिमीटरची फट. ४५० वॉट, वजन अडीच किलोच्या थोडं वर. यापेक्षा लांब पातं मोहात पाडतं, पण छातीएवढ्या कुंपणाला ६०-६५ ची गरज नाही, उगाच मनगटावर भार येतो. घेण्याआधी दुकानात ते हातात धरून, हात पुढे करून, दोन मिनिटं उभ्या राहा. खांदा तिथेच उत्तर देईल.

विजेचं म्हणाल तर ४५० वॉट म्हणजे दोन अँपिअर, घरातला साधा सहा अँपिअरचा प्लग पुरतो. पण त्या सर्किटवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच) असलाच पाहिजे. नसेल तर मशीनच्या आधी तो बसवून घ्या. वायर खांद्यावरून पाठीमागे सोडायची आणि छाटत छाटत प्लगपासून लांब जायचं, म्हणजे वायर कधी पात्यासमोर येत नाही. ओल्या पानांवर अजिबात चालवू नका. पावसाळ्यात दुपारची उघडीप मिळेल तेव्हाच. आणि पातं अडकलं की आधी प्लग काढायचा, मग हात घालायचा.

रानजाई
एक राहिलं. कुंपणात मध्येच शेर किंवा थोर (चिकाची झुडपं) घुसलेला आहे का बघा, आमच्या भागात हमखास असतो. त्याच्यावर ट्रिमर मुळीच फिरवू नका. चीक बारीक तुषारांसारखा उडतो आणि डोळ्यात गेला तर डोळ्याला गंभीर इजा होते. कोयनेल छाटतानाही चष्मा घालाच.

दुसरं, मशीन लावण्याआधी काठीने कुंपण हलवून आत वाकून बघा. मे-जूनपासून बुलबुल आणि शिंप्याची घरटी असतात. कात्रीने छाटताना घरटं दिसतं, मशीन दोन सेकंदांत त्यावरून जातं. घरटं असेल तर दोन्ही बाजूंनी तीन-तीन फूट सोडून द्या, बुलबुलाची पिल्लं अंडी घातल्यापासून महिन्याभरात उडून जातात. गांधीलमाश्यांचं पोळंही असंच आधी सापडलेलं बरं.

परसदार
सगळ्यांचे मनापासून आभार. काल टेप घेऊन बसले. कोयनेल वरची सगळी ६ ते ८ मिलिमीटर. मेंदी मात्र खाली २५-३०, आणि काटे इतके की हातमोजे फाटले. म्हणजे दुकानदाराने मेंदी बघितली असती तर पेट्रोलचं का सांगितलं ते मला कळलं असतं, पण त्यावरही उपाय करवतच आहे.

वायरचं घ्यायचं ठरवलं. आरसीसीबीसाठी वायरमन परवा येतोय. मेंदी मृगाचा पाऊस झाला की करवतीने उतरवते. एकच शंका: कोयनेल खालून विरळ झालीय, आरपार रस्ता दिसतो. ट्रिमरने ते भरून येईल का?

आंबेमोहोर
येईल, पण बाजू सरळ भिंतीसारखी कापू नका. खाली रुंद, वर जरा अरुंद ठेवा, म्हणजे खालच्या पानांनाही ऊन लागतं. माळी लोक बहुधा उलट कापतात, कारण वरचं हाताशी येतं. तुमची खालून उघडी पडली ती बहुतेक त्यामुळेच. दोन टोकांना काठ्या रोवून सुतळी बांधा आणि तिच्या अंदाजाने पातं खालून वर न्या. दर वेळी थोडंच कापा. आणि काम झालं की पात्यावरचा चिकटा रॉकेलच्या फडक्याने पुसून शिलाई मशीनचं तेल दोन थेंब सोडा, कोयनेलचा रस वाळला की दात्यांवर घट्ट बसतो.