लंडनमधला साबणवाल्याचा मांडव

ताई (लंडन): माई, नाना, बुधवार मोकळा ठेवा. राजवाड्याच्या फाटकाबाहेर ताटकळण्यापेक्षा हॅम्पस्टेड हीथला जाऊ, मोठं मोकळं माळरान आहे. हीथच्या पश्चिमेला झाडीत दडलेली जुनी बाग आहे, हिल गार्डन. तिथला परगोला बघण्यासारखा आहे.

माई: परगोला म्हणजे मांडवच ना? दोडक्याचा आहे की आपल्या परसात.

ताई: हा 800 फुटांच्या आसपास लांब आहे माई! दगडी खांब, वर लाकडी तुळया, त्यावर विस्टेरियाचे वेल. आणि गच्चीएवढ्या उंचीवरून चालायचं.

दादा: कोणाचा हा थाट?

ताई: लॉर्ड लिव्हरह्यूम. आपल्या सनलाइट, लाइफबॉयवाला लिव्हर. 1904 मध्ये त्याने इथलं घर घेतलं आणि बाग आखायला टॉमस मॉसनला बोलावलं. पार्ट्या द्यायच्या होत्या ना.

नाना: एवढ्या उंचीला भराव कुठून आणला?

ताई: हे तुम्ही विचारणारच 😄 तेव्हा हॅम्पस्टेडच्या ट्यूबचा, म्हणजे भुयारी रेल्वेचा, बोगदा खणत होते. त्यांना माती टाकायला जागा हवी, ह्याला माती हवी. वर माती घेतल्याबद्दल उलट ह्यालाच पैसे मिळाले म्हणतात.

नाना: पक्का व्यापारी!

ताई: पुढचं ऐका. 1911 मध्ये शेजारची जागाही घेतली, पण मधून लोकांची पायवाट. ती बंद करायला बघितली, जमलं नाही. मग वरून पूल टाकला. लोक खालून, साहेब वरून.

काका (ठाणे): हे आमच्या कमिटीला फॉरवर्ड करतो. मागच्या गल्लीला गेट लावायला निघालेत.

काकू: फोटो बघितले गं. वेलाचं खोड केवढं जाड, खांबाला पिळा घालून वर गेलंय. कोणी बघत नाही का?

ताई: काम 1925 मध्ये संपलं आणि त्याच वर्षी तो वारला. पुढे घर लॉर्ड इन्व्हरफोर्थने घेतलं, 1955 नंतर तिथे हॉस्पिटल होतं. बागेची आबाळ झाली, लाकूड कुजलं. 1963 पासून लोकांना खुली आहे, आता सिटी ऑफ लंडन कॉर्पोरेशन बघतं. दुरुस्ती केलीय, पण अगदी चापूनचोपून नाही. मला तेच आवडतं.

दादा: तुला आवडतं, दगडाला नाही आवडत. वाड्याची भिंत पिंपळाने कशी फाडली विसरलीस? वेळीच छाटलेलं बरं.

ताई: छाटतात रे. रान माजू दिलेलं नाही, माजल्यासारखं दिसू दिलंय.

दादा: म्हणजे माळी जास्तच लागत असणार 🙄

माई: तुमचं चालू दे. पायऱ्या किती? आणि बाथरूम?

ताई: वर जायला पायऱ्या आहेत, सावकाश चढू. नाहीतर खाली तळ्याकाठी बाकावर बस. बाथरूम आणि चहा शेजारच्या गोल्डर्स हिल पार्कात, तिथे हरणंही आहेत. तिकीट कुठेच नाही. गोल्डर्स ग्रीनला उतरून 210 नंबरची बस घेऊ. हॅम्पस्टेड स्टेशन नको, ते जमिनीखाली 58 मीटर आहे.

नाना: मग मला तेच बघायचंय. माती तिथलीच ना?

ताई: नाना, गोल्डर्स ग्रीनची गाडी त्याच बोगद्यातून जाते, हॅम्पस्टेडला थांबतेसुद्धा.

नाना: 👍 डावीकडची खिडकी माझी.

माई: बोगद्यात काय दिसणार ह्यांना! मी दशम्या करते, दही तू घे.