मदत हवी आहे: 'सर्वांत मोठा केबल-स्टेड पूल' नक्की कशावरून ठरवायचा?

पानसुपारी:

नमस्कार मंडळी. आमच्या वाचनालयाच्या प्रश्नमंजुषेची प्राथमिक फेरी रविवारी झाली. 'भारतातला सर्वांत मोठा केबल-स्टेड पूल (म्हणजे मनोऱ्यांतून निघालेल्या तिरक्या केबलांवर तोललेला) कोणता?' असा एक प्रश्न होता. एका संघाने वांद्रे-वरळी सी लिंक सांगितलं, दुसऱ्याने गुजरातमधला सुदर्शन सेतू, तिसऱ्याने कोलकात्याचा विद्यासागर सेतू. प्रश्न काढणाऱ्यांच्या कागदावर सी लिंक होतं. दुसऱ्या संघाने लगेच मोबाइलवर बातमी काढून दाखवली, आणि तिसऱ्या संघातल्या मुलीचे वडील बांधकाम खात्यातले निघाले! निकाल राखून ठेवलाय आणि तो लावायचं काम माझ्या गळ्यात पडलंय.

त्यात अंतिम फेरीसाठी 'जगातला सर्वांत मोठा' हाही प्रश्न तयार आहे, उत्तर 'रशियाचा रस्की पूल'. सामान्यज्ञानाच्या पुस्तकात तसंच आहे. पण जालावर कुठे चीन दिसतं, कुठे फ्रान्स, एका ठिकाणी तर ग्रीस. मोजतात तरी काय? आणि गुण कोणाला देऊ? जाणकारांनी कृपया सांगावं, बुधवारपर्यंत निकाल लावायचाय.

चहाबिस्कुट:

एवढं काय त्यात. अटल सेतू. जवळजवळ २२ किलोमीटर. तिघांनाही शून्य द्या आणि मोकळे व्हा.

रेडिमिक्स:

चहाबिस्कुट, मुंबईचा अटल सेतू केबल-स्टेड नाहीच. २१.८ किलोमीटर लांब आहे हे खरं, पण तो खांबांवर टेकवलेल्या गर्डरचा पूल आहे. जहाजांच्या वाटेवर पोलादी डेकचे (डेक म्हणजे ज्यावरून वाहनं जातात तो भाग) मोठे गाळे टाकलेत, त्यातला सर्वांत मोठा १८० मीटरचा. एकही केबल दिसणार नाही.

पानसुपारी, मी पुलांच्याच कामात होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. पुलांची क्रमवारी लावताना एकूण लांबी धरत नाहीत, मुख्य गाळा धरतात. म्हणजे दोन मनोऱ्यांच्या मधलं, खाली एकही आधार नसलेलं अंतर. एकूण लांबी कितीही वाढवता येते हो, खांबामागून खांब टाकत जायचं. पैसा असला की झालं. मधे आधार न देता किती लांब जाता येतं, खरी परीक्षा तिथे.

या मापाने तुमच्या तिन्ही संघांची उत्तरं बघा. सी लिंक एकूण ५.६ किलोमीटर, पण त्यातला केबलवरचा भाग थोडाच. वांद्रे बाजूला २५० मीटरचे दोन गाळे आणि वरळी बाजूला १५० मीटरचा एक. बाकी सगळा साधा पूल. सुदर्शन सेतू, म्हणजे ओखा ते बेट द्वारका, फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाला. एकूण २.३२ किलोमीटर. बातम्यांत जो ९०० मीटरचा आकडा येतो तो केबलवर तोललेल्या सगळ्या भागाचा, त्यात एकापेक्षा जास्त गाळे आहेत, मुख्य गाळा ५०० मीटरचा. विद्यासागर सेतू एकूण ८२३ मीटरचाच, म्हणजे तिघांत सर्वांत तोकडा. पण त्याचा मुख्य गाळा ४५७ मीटर. १९९२ मध्ये उघडला आणि सुदर्शन सेतू येईपर्यंत देशात त्याच्या पुढे कोणी नव्हतं.

तेव्हा बांधकाम खात्यातले वडील २०२४ पर्यंत बरोबर होते, आता दुसरा संघ बरोबर आहे.

झुवारीकाठ:

रेडिमिक्स यांना अनुमोदन. गोव्याचा नवा झुवारी पूलही लिहून ठेवा. केबलवरचा भाग ६४० मीटर आणि मुख्य गाळा ३६०. देशाच्या यादीत बराच वर बसतो, पण चर्चा कायम सी लिंकचीच. मुंबईचा कॅमेरा मोठा, दुसरं काय!

आणि 'अटल सेतू' हे नाव प्रश्नात घालणार असाल तर सांभाळून. आमच्या पणजीतला मांडवीवरचा अटल सेतू केबल-स्टेड आहे, जानेवारी २०१९ मध्ये उघडला. जम्मूकडे बसोहलीला रावी नदीवरही अटल सेतू आहे, तोही केबल-स्टेड, मुख्य गाळा ३५० मीटर. मुंबईचा तिसरा, आणि नेमका तोच केबलचा नाही.

चहाबिस्कुट:

बरं, मागे घेतो. पण एक शंका आहे. पुलावरून जाणाऱ्याला गाळ्याचं काय पडलंय? त्याला पूल किती लांब आहे तेच कळतं. मग लांबी का नको?

रेडिमिक्स:

जाणाऱ्याला नसेल पडलं, पण बांधणाऱ्याची झोप गाळ्यावरच अवलंबून असते.

केबल-स्टेड पुलात प्रत्येक केबल मनोऱ्यातून निघून थेट डेकला धरते. ती तिरकी असते, त्यामुळे डेकला वर उचलते तशीच मनोऱ्याकडे ओढतेही. सगळ्या केबल्सची ही ओढ डेकमध्ये साठत जाते आणि मनोऱ्यापाशी डेक सर्वांत जास्त दाबला जातो. गाळा वाढवला की हा दाब वाढतो. शिवाय टोकाच्या केबल्स फार आडव्या होतात, स्वतःच्या वजनाने झोळ खातात आणि उचलण्याचं काम नीट करत नाहीत. मग मनोरे उंच करा, म्हणजे खर्च वाढला आणि वाराही वाढला.

बांधताना तर आणखी मजा. डेकचे तुकडे मनोऱ्याच्या दोन्ही बाजूंना जोडीजोडीने जोडत जातात, दोन हातांत पाण्याच्या दोन बादल्या धरून तोल सांभाळावा तसं. समोरच्या मनोऱ्याकडून येणारा भाग भेटेपर्यंत शेकडो मीटरचं टोक हवेत लोंबत असतं. आमच्या साइटवर डेकची लेव्हल पहाटेच घ्यायची असा दंडक होता. दिवसभर ऊन खाल्लं की डेकची वरची बाजू तापते, केबल्स लांबतात आणि टोक काही सेंटीमीटर हलतं. दुपारी घेतलेलं माप संध्याकाळी खोटं ठरतं. म्हणून उजाडायच्या आत, सगळं लोखंड-काँक्रीट एका तापमानाला आलेलं असताना, सर्व्हेअर टोकाला स्टाफ (मोजमापाची उभी पट्टी) धरून उभा आणि बाकीचे थर्मासमधल्या चहावर. त्या मापावरून ठरायचं की आजच्या केबलला किती ताण द्यायचा.

याच कारणाने झुलत्या पुलांना वेगळ्या यादीत ठेवतात. तिथे मुख्य केबल मनोऱ्यांवरून जाते आणि दोन्ही काठांवर प्रचंड वजनाच्या अँकरेजमध्ये बांधलेली असते, डेकवर तो दाब येत नाही. म्हणून तुर्कस्तानातला १९१५ चनाक्कले पूल २,०२३ मीटरचा गाळा घेऊ शकला. केबल-स्टेड त्याच्या आसपासही नाही. दोघांना एका रांगेत उभं करू नका, अंतिम फेरीतसुद्धा.

पानसुपारी:

रेडिमिक्स, आता डोक्यात प्रकाश पडला. मग जगाची यादी काय? रस्की की चीन? फ्रान्स आणि ग्रीस कुठून आले?

नकाशावाली:

मी घेते हा प्रश्न, माझा छंदच आहे.

रस्की पूल २०१२ ते २०२५ पहिल्या क्रमांकावर होता, त्यामुळे पुस्तक खोटं नाही, शिळं आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये चीनच्या ज्यांगसू प्रांतात यांगत्से नदीवर चांगताय पूल उघडला. त्याचा मुख्य गाळा १,२०८ मीटर. तो उघडला तेव्हा दुसऱ्यावर गेला व्लादिवोस्तोकचा रस्की, १,१०४ मीटर. मग यांगत्सेवरचेच दोन: हूतोंग (२०२०) १,०९२ आणि सूतोंग (२००८) १,०८८. त्यानंतर हाँगकाँगचा स्टोनकटर्स, १,०१८. एक किलोमीटर ओलांडणारा पहिला सूतोंग. खाली आलात की जपानचा तातारा ८९० (१९९९) आणि फ्रान्सचा नॉर्मंडी ८५६ (१९९५), हे दोघेही आपापल्या काळचे विक्रमवीर.

मला यातला रस्की जरा गमतीशीर वाटतो. व्लादिवोस्तोकला २०१२ ची एपेक (आशिया-प्रशांत देशांची आर्थिक) परिषद भरायची होती आणि ती शेजारच्या रस्की बेटावर होती. बेटावर वस्ती अगदी थोडी. तरी जगातला विक्रमी पूल बांधला आणि पुढे तो २,००० रूबलच्या नोटेवरही आला. त्याच्या उलट चांगताय. वरच्या मजल्यावर द्रुतगती मार्ग, खालच्या मजल्यावर एका बाजूला रेल्वे आणि दुसऱ्या बाजूला साधा रस्ता. म्हणजे दोन्ही कडांवर वजन सारखं नाही, आणि तरीही एवढा गाळा. नुसत्या आकड्यापेक्षा हे जास्त भारी आहे असं माझं मत. मनोरेही ३५२ मीटरचे, आयफेल टॉवरपेक्षा उंच.

फ्रान्सचं नाव येतं ते बहुतेक मियो पुलामुळे. २००४ चा, लांबी २,४६० मीटर, सर्वांत उंच टोक जमिनीपासून ३४३ मीटर. पण त्याचे मोठे गाळे ३४२ मीटरचेच, कारण एकामागून एक सात मनोरे आहेत. ग्रीसचा रिओन-अँटिरिओनही तसाच: केबलवर सलग २,२५२ मीटर डेक, पण सर्वांत मोठा गाळा ५६०. 'केबलवर तोललेली एकूण लांबी' हे माप धरलं तर असे पूल वर येतात. त्या मापातही चीनचा ज्याशाओ पूल मियोच्या पुढे आहे, सहा मनोरे आणि २,६८० मीटर.

आणि कोणी 'सर्वांत उंच' म्हणालं तर चौथंच उत्तर निघेल. चीनच्या क्वेचौ प्रांतातला दूगे पूल, नदीपासून ५६५ मीटर वर, गाळा मात्र ७२०.

रेडिमिक्स:

छान मांडलंत. तातारा आधी झुलता पूल म्हणून ठरला होता हे जोडतो. नंतर अँकरेजसाठी डोंगर फोडायला नको म्हणून केबल-स्टेड केला. यांगत्सेच्या मुखाकडे गाळाच्या मऊ जमिनीत अँकरेज बसवणं हीच डोकेदुखी, आणि रेल्वे न्यायची तर डेक ताठ हवा. चिनी लोक केबल-स्टेडचा गाळा ताणत बसलेत ते नुसत्या विक्रमाच्या हौसेने नव्हे.

आपल्याकडचं एक मात्र सलतं. १९९२ मध्ये विद्यासागर सेतू उघडला तेव्हा जगातला विक्रम नॉर्वेच्या स्कार्नसुंदचा होता, ५३० मीटर. आपण ७३ मीटर मागे होतो. आज सुदर्शन सेतूचे ५०० मीटर धरूनही सातशे मीटर मागे आहोत.

झुवारीकाठ:

गरज पडली नसेल. उगाच गाळा वाढवून कोणाला दाखवायचाय?

रेडिमिक्स:

तेही खरंच. जम्मू-काश्मीरमधला अंजी खड्ड पूल बघा, २०२५ मध्ये सुरू झाला. एकच मनोरा, १९३ मीटरचा, आणि देशातला पहिला केबल-स्टेड रेल्वे पूल. गाळ्याच्या यादीत तो खाली आहे, पण ज्या डोंगरात उभा केलाय ते बघून कोणी त्याला लहान म्हणणार नाही.

पानसुपारी:

सगळ्यांचे मनापासून आभार. पण गुणांचं काय करू ते सांगा ना. प्रश्नात 'मोठा' होतं, 'मुख्य गाळा' नव्हतं. दुसऱ्या संघाच्या बातमीत सुदर्शन सेतूला 'देशातला सर्वांत लांब केबल-स्टेड पूल' असं स्पष्ट लिहिलंय.

चहाबिस्कुट:

दोघांना अर्धे-अर्धे.

नकाशावाली:

अर्धे नकोत, दोन्ही संघ चिडतील. माझ्या मते प्रश्नच रद्द करा आणि कारण वाचून दाखवा. बातम्यांचं म्हणाल तर असे मथळे नेहमीचेच. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकातला सिगंदूर पूल उघडला, त्याला 'देशातला दुसरा' म्हणून छापलं. त्याची एकूण लांबी २.४४ किलोमीटर, म्हणजे सुदर्शनपेक्षाही जास्त.

रेडिमिक्स:

मी रद्द करण्याच्या विरोधात. मोजायची पद्धत सर्वमान्य असताना दुसऱ्या संघाला शिक्षा का? सुदर्शनला पूर्ण गुण, विद्यासागरला जुन्या विक्रमाच्या आधारे पूर्ण गुण, सी लिंकला शून्य. सी लिंक केबलवरच्या कुठल्याच मापाने पहिला येत नाही. एकूण लांबी धरली तरी त्यातला बहुतेक भाग केबलवर नाही.

पानसुपारी:

रेडिमिक्स, हे पटलं. अडचण एवढीच की सी लिंक म्हणणारा संघ आमच्या अध्यक्षांच्या नातवाचा आहे. असो, बघून घेईन.

अंतिम फेरीचा प्रश्न असा बदललाय: 'मुख्य गाळ्याच्या लांबीनुसार, सध्या वाहतुकीस खुला असलेला जगातला सर्वांत मोठा केबल-स्टेड पूल कोणत्या नदीवर आहे?' उत्तर यांगत्से. चालेल का?

नकाशावाली:

चालेल. 'सध्या' काढून तारीख घाला. चीनमध्ये यांगत्सेवर कामं चालूच असतात, पुढच्या वर्षी हाच कागद परत वापराल आणि हाच धागा परत काढाल.

चहाबिस्कुट:

आणि नदी विचारलीत ते बेस्ट. पुलाचं नाव बदललं तरी उत्तर बहुधा तेच राहील.